वाचकांचे प्रश्न : अक्षरे कांडीच्या आत जातात कशी?

प्रश्न : इंग्लंडमधील ब्लॅकपूलहून आलेल्या नातेवाइकांनी आम्हाला ‘रॉक’ नावाच्या कडक गोड कांड्या दिल्या. कांडी बाहेरून गुलाबी आणि आतून पांढरी असून तिच्या टोकावर लाल अक्षरांत गावाचे नाव दिसते. कांडी कोठेही मोडली तरी तेच नाव पुन्हा समोर येते. ही अक्षरे आत छापतात की ओततात?

उत्तर : ही अक्षरे छापलेली नसतात आणि मागाहून आत ओतलेलीही नसतात. कांडीला कांडीचे रूप येण्यापूर्वी, म्हणजे ती माणसाच्या कमरेएवढा जाड आणि अजून ऊन असलेला गोळा असते तेव्हाच, एकेक अक्षर हातांनी रचून त्या गोळ्यात बसवलेले असते. पुढे तो गोळा ओढून बारीक केला जातो आणि त्याच्याबरोबर अक्षरेही त्याच प्रमाणात बारीक होत जातात.

सुरुवात पाकापासून होते. साखर, पाणी आणि ग्लुकोज सिरप एकत्र करून, बहुधा तांब्याच्या कढईत, सुमारे १४५ ते १५० अंश सेल्सिअसपर्यंत उकळतात. घरी आपण ज्याला एकतारी किंवा गोळीबंद पाक म्हणतो त्याच्या बरीच पुढची ही अवस्था आहे. येथे पाण्याचा अंश अगदी थोडा उरतो आणि थंड झाल्यावर पाक काचेसारखा कडक, ठिसूळ होतो. ग्लुकोज सिरपचे काम केवळ गोडीचे नाही. निव्वळ साखरेच्या पाकात थंड होताना दाणे धरतात. हे सिरप साखरेचे रेणू रांगेत बसू देत नाही, त्यामुळे दाणा पडत नाही. (स्कॉटलंडमधील ‘एडिंबरा रॉक’ मात्र मुद्दाम दाणा धरू देऊन करतात, म्हणून ते तोंडात भुसभुशीत लागते, नाव सारखे असले तरी तो पदार्थ निराळा आहे.)

उकळता पाक थंड पाण्याने गार ठेवलेल्या पोलादी टेबलावर ओततात आणि तो पिठाच्या गोळ्यासारखा हाताळता येईल इतका घट्ट होताच त्याचे वाटे करतात. सर्वांत मोठा वाटा पांढऱ्या गाभ्याचा, एक बाहेरच्या गुलाबी आवरणाचा आणि एक, रंग मळलेला, अक्षरांचा असतो.

आता खरे कसब सुरू होते. रोमन लिपीतले ‘ई’ हे अक्षर घ्या. लाल पाकाच्या तीन लांब पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये तेवढ्याच लांबीच्या दोन पांढऱ्या पट्ट्या अशी थप्पी रचून तिच्या एका बाजूला उभी लाल पट्टी चिकटवली की समोरून पाहताना ‘ई’ दिसतो, मात्र तो पावाच्या लांबलचक लादीएवढा असतो. ‘ओ’ करताना पांढऱ्या दांड्याभोवती लाल पोळी गुंडाळतात आणि बाहेरचे कोपरे पांढऱ्या पाकाने भरून त्याची चौकोनी लादी करतात. म्हणजे अक्षराची रेघ जितकी महत्त्वाची, तितकीच तिच्या पोटातली आणि भोवतालची पांढरी जागाही महत्त्वाची असते. ती जागा नीट भरली नाही तर गोळा ओढताना रेघा एकमेकींवर कोसळतात. म्हणूनच कारागीर ‘ई’, ‘एल’, ‘के’ यांसारखी चौकोनी ठेवणीची, आकार धरून राहणारी अक्षरे आधी करून ठेवतात, आणि ‘ओ’, ‘सी’ यांसारखी गोल किंवा ‘ए’सारखी तिकोनी अक्षरे अगदी शेवटी करतात, कारण मऊ पाकात ती स्वतःच्याच वजनाने बसतात. ‘ब्लॅकपूल’च्या रोमन लिपीतील नऊ अक्षरांत दोन ‘ओ’ शेजारीशेजारी येतात, आणि मला वाटते, कारागिराचा हात पारखायचा असेल तर ती जोडी पाहावी.

सर्व लाद्या, मध्ये पांढऱ्या पट्ट्या घालत, पांढऱ्या गाभ्याभोवती नावाच्या क्रमाने वर्तुळाकार लावतात आणि वरून गुलाबी आवरण गुंडाळतात. हा अवजड गोळा फिरत्या रुळांवर सतत लोळता ठेवावा लागतो, कारण थांबला तर तो बुडाशी चपटा होतो. त्याला ऊबही द्यावी लागते, आणि ती सर्वत्र सारखी राहिली पाहिजे. लाल भाग पांढऱ्यापेक्षा अधिक गरम राहिला तर तो अधिक वाहतो आणि अक्षर फुगते. गोळ्याचे एक टोक निमुळते करून त्यातून दोरी ओढत नेतात. समजा गोळ्याचा व्यास ३० सेंटिमीटर आहे आणि कांडीचा अडीच. व्यास १२ पटींनी घटला म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ १४४ पटींनी घटते, म्हणून १ मीटर लांबीच्या गोळ्यातून १४४ मीटर दोरी निघते, आणि ६ सेंटिमीटर उंचीचे अक्षर ५ मिलिमीटरचे होते. ही दोरी टेबलावर लोळवत सरळ आणि गोल राखतात व कापून कांड्या करतात; त्या पुरत्या कडक होईपर्यंत लोळवणे थांबवत नाहीत.

आपल्याकडील कांडीची दोन्ही टोके एकदा पाहा. एका टोकाला नाव सरळ वाचता येईल, दुसऱ्या टोकाला ते आरशातल्यासारखे उलटे दिसेल. अक्षर आरपार गेल्याचा याहून चांगला पुरावा नाही.

प्रश्न : आतला भाग पांढरा करण्यासाठी कोणता रंग वापरतात?

उत्तर : पांढरेपणा हवेचा असतो. टेबलावर ओतलेला पाक पारदर्शक, किंचित सोनेरी दिसतो. गाभ्याचा वाटा यंत्राच्या फिरत्या दांड्यांवर पुनःपुन्हा ताणला आणि दुमडला जातो. प्रत्येक घडीत थोडी हवा अडकते, पुढच्या ताणात तिचे आणखी बारीक धागे होतात आणि या असंख्य पोकळ्यांवरून प्रकाश विखुरला की पाक पांढराशुभ्र दिसू लागतो. समुद्राचे पाणी रंगहीन असूनही लाटेचा फेस पांढरा दिसतो, त्याचे कारण हेच. याच वेळी पेपरमिंटचे तेल घालतात, म्हणजे घड्यांबरोबर ते सर्वत्र पसरते. आवरणाचा पाक असा ताणत नाहीत, म्हणून त्याची चकाकी टिकते.

प्रश्न : ही मिठाई समुद्रकिनाऱ्याशीच का जोडली गेली?

उत्तर : तिच्या घटकांत समुद्राचे काहीही नाही, नाते आहे ते सुट्टीशी. ब्लॅकपूलला रेल्वे १८४६ साली पोहोचली आणि लँकेशायरच्या कापडगिरण्यांमधील कामगार वार्षिक सुट्टीत तेथे लोटू लागले. १८७४ साली ब्रिटनने साखरेवरील आयात कर रद्द केला आणि साखर सामान्यांच्या आवाक्यात आली. गावाचे नाव असलेल्या कांडीचे श्रेय सहसा बेन बुलक या पूर्वी खाणकामगार असलेल्या मिठाईवाल्याला देतात. १८८७ साली ब्लॅकपूलला सुट्टीसाठी गेला असताना त्याला ही कल्पना सुचली आणि यॉर्कशायरमधील ड्यूसबरी येथील त्याच्या कारखान्यातून अशा कांड्या ब्लॅकपूलला जाऊ लागल्या, असे सांगतात. घरी राहिलेल्या मुलांसाठी न्यायला ही भेट स्वस्त होती, पिशवीत सहज मावत होती, आणि आपण कोठे जाऊन आलो हे तिच्यावर लिहिलेलेच होते.

प्रश्न : कांड्या काही दिवसांतच चिकट झाल्या. त्या खराब झाल्या का?

उत्तर : नाही. कडक पाक हवेतील ओल शोषून घेतो आणि वरचा थर पुन्हा पाकासारखा होतो. वेष्टन फोडलेली कांडी घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवावी. फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण बाहेर काढताच तिच्यावर दव धरते आणि चिकटपणा वाढतो.