आधी श्वास मोज, मग चार्ट भर

प्रिय बाय,

तुझा मेसेज वाचला. नर्स म्हणून नाईट ड्युटीला एवढे पेशंट, कोणाकडे आधी बघायचं तेच कळत नाही म्हणतेस. मला विचारशील तर श्वासापासून सुरू कर.

आपल्याकडे कुठल्याही वॉर्डचा टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी आणि श्वासाची नोंद, उघडून बघ, टेम्परेचर वेगळं, पल्स वेगळी, आणि रेस्पिरेशनच्या कॉलममध्ये सगळ्यांना २०, सकाळी २०, संध्याकाळी २०, दमेकऱ्याला पण २०. अगं, असं कसं असेल? कोणी मोजलेलाच नसतो. आणि पेशंट बिघडायला लागला की बीपी पडायच्या कितीतरी आधी बहुतेकदा श्वास वाढलेला असतो, खासकरून इन्फेक्शन अंगात पसरतं तेव्हा. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, ९७ दिसतं म्हणून आपण निवांत, पण ऑक्सिजन चालू असला की तो आकडा छान दिसणारच, पेशंट मात्र आत दमत असतो.

मोजायचं कसं ते सांगते. पल्स बघून झाली तरी मनगटावरची बोटं काढू नकोस, त्याला वाटू दे अजून पल्सच बघतेस, कारण श्वास मोजतायत कळलं की माणूस वेगळाच श्वास घेतो. पदर, चादर मध्ये येत असेल तर पोटाकडे बघ. पूर्ण एक मिनिट मोज, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नकोस. मोजताना मानेच्या शिरा, नाकपुड्या, बोलताना वाक्य तुटतं का तेही दिसतं, मशीनला ते दिसत नाही.

ब्रिटनमध्ये पेशंट किती बिघडलाय ते ओळखायला न्यूज २ म्हणून स्कोअर वापरतात, त्यात मिनिटाला १२ ते २० श्वासांना शून्य आणि २५ किंवा जास्त असेल तर एकट्या श्वासाचे ३ मार्क, तेवढ्यावरच डॉक्टरला तातडीने बोलवायचं. तुमच्याकडे हा स्कोअर नसला तरी २५ आकडा डोक्यात ठेव. एखादी सत्तर वर्षांची आजी कोंकणीत "म्हाका बरें दिसना", म्हणजे मला बरं वाटत नाही, एवढंच म्हणत असेल तर ते ऐकून सोडू नकोस, श्वास मोज आणि तिचे शब्दही नोट्समध्ये लिही.

फोनवर "डॉक्टर, पेशंट जरा बरा वाटत नाही" असं सांगू नकोस, झोपेतला रेसिडेंट डॉक्टर पॅरासिटामॉल दे म्हणेल. बेड नंबर, कशासाठी अॅडमिट, चार तासांपूर्वी श्वास १८ होता आता २८ आहे, मला इन्फेक्शन वाढल्यासारखं वाटतं, तुम्ही आत्ता येऊन बघा, असं सांग. नाही आले तर सिनियरला कळव आणि फोनची वेळ लिहून ठेव. ह्याला उद्धटपणा म्हणत नाहीत, हे आपलं कामच आहे. वाळपई, पेडण्यासारख्या गोव्यातल्या लांबच्या गावांतून बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला पेशंट पाठवायचा असेल तर अर्धा तास लवकर लक्षात येण्याला फार किंमत असते.

परदेशात नोकरीला जायचं विचारलंस, ओईटीचा, म्हणजे त्यासाठीच्या इंग्रजीच्या परीक्षेचा, अभ्यास कर, जरूर जा, माझी काही हरकत नाही. पण रजिस्ट्रेशन रिन्यू करायला नर्सिंग कौन्सिलने ५ वर्षांत १५० तासांचं सीएनई, म्हणजे नर्सचं पुढचं शिक्षण, सांगितलंय, ती सर्टिफिकेटं आत्तापासून एका फाइलमध्ये लाव, शेवटच्या महिन्यात धावपळ नको. आणि नुसते तास भरायला सेमिनारला बसू नकोस, क्रिटिकल केअरचं काही असेल तर ते आधी घे.

पुढच्या ऑफला घरी ये, येताना तुझ्या वॉर्डचा कोरा चार्ट आण, फोनवर कसं बोलायचं ते दोघी मिळून करून बघू.

तुझी,
ताई