बटरफ्लाय आत्ता नको, सुझाना घे

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि त्यासोबतची दोन्ही बोलावणी वाचली. एकीकडे उन्हाळी महोत्सवात ‘मादामा बटरफ्लाय’ची मुख्य भूमिका, चांगलं मानधन, जाहिरातीवर तुझा चेहरा. दुसरीकडे जर्मनीतल्या मध्यम आकाराच्या ऑपेरा हाऊसमध्ये दोन हंगामांचा करार, महिन्याचा पगार, पहिल्या वर्षी मोत्सार्टच्या ‘फिगारोचं लग्न’मधली सुझाना आणि बाकी ते देतील त्या लहानसहान भूमिका. काय करू, असं विचारतेस. उत्तर आधी सांगते, कारणं मागून: सुझाना घे. बटरफ्लायला नाही म्हण, पण असं म्हण की काही वर्षांनी त्यांनी तुला पुन्हा विचारावं.

तू लिहितेस, “बाई, मला त्यातले सगळे वरचे सूर लागतात.” लागतात, मी ऐकलेत. पण सोप्रानोला, म्हणजे उंच पट्टीच्या स्त्री-आवाजाला, घात होतो तो वरच्या सुरांनी क्वचितच. भूमिका बहुतेक वेळ कोणत्या पट्टीत वावरते, ज्याला आपण तेसितुरा म्हणतो, ते बघावं लागतं. आणि त्या वेळी पिटमध्ये, रंगमंचासमोरच्या वादकांच्या खड्ड्यात, काय वाजतंय तेही. बटरफ्लाय पहिल्या अंकात एकदा आली की जवळजवळ शेवटपर्यंत रंगमंचावरच असते. तिचं बरंचसं गाणं मधल्या पट्टीत आहे, बोलल्यासारखं आहे आणि खाली पुचिनीचा भरगच्च वाद्यवृंद आहे. व्हायोलिनं तिचीच चाल सोबत वाजवत असतात. मायक्रोफोन नाही. वरचा सूर त्या सगळ्यावरून निघून जातो, मधला सूर मात्र त्यात बुडतो. मग पंचविशीतली मुलगी काय करते? गळ्यावर जोर देते. एका रात्रीत काही होत नाही, टाळ्या पडतात. वर्ष-दोन वर्षांत लांब सूर हलायला लागतो, हळू गाणं जमेनासं होतं, आणि तोवर तीच भूमिका चार ठिकाणी कबूल करून झालेली असते. गोष्टीतली चोचोसान, म्हणजे बटरफ्लायच, पंधरा वर्षांची आहे, म्हणून ती तरुण मुलीनं गावी असं दिग्दर्शकांना वाटतं. पुचिनीनं तिला दिलेलं गाणं मात्र पिकलेल्या आवाजाचं आहे.

इटालियन सोप्रानो मिरेला फ्रेनीचं उदाहरण मी सगळ्यांना देते, कारण ते अगदी याच भूमिकेचं आहे. तिनं बटरफ्लाय कंडक्टर कारायानबरोबर ध्वनिमुद्रित केली, 1974 च्या चित्रपटात साकारली, पुढे दुसऱ्यांदा ध्वनिमुद्रितही केली. पण रंगमंचावर पूर्ण बटरफ्लाय तिनं कधीच गायली नाही. स्टुडिओत तुकडे करता येतात, दम घेता येतो, ‘आज पुरे’ म्हणता येतं. जगातली उत्तम बटरफ्लाय म्हणून जिची मुद्रणं लोक ऐकतात, ती बाई रंगमंचावर ‘नको’ म्हणू शकली. 1955 मध्ये पदार्पण केलेली फ्रेनी 2005 मध्येही गात होती.

तू मारिया कॅलासचं नाव घेतलंयस. ते येणारच होतं. जानेवारी 1949, व्हेनिसचं ला फेनिचे ऑपेरा हाऊस. पंचवीस वर्षांची कॅलास वाग्नरची वजनदार ब्रुनहिल्ड गात होती. दुसरी गायिका आजारी पडली आणि कंडक्टर सेराफिनच्या सांगण्यावरून काही दिवसांत तिनं ‘ई पुरितानी’मधली एल्विरा, म्हणजे अगदी उलट जातीची, चपळ गाण्याची भूमिका, पाठ करून गायली. थरारक आहे, खरं आहे. पण त्याआधी अथेन्समध्ये ती तिच्या बाईंच्या, एल्विरा दे इदाल्गोच्या, वर्गात सकाळी सगळ्यांच्या आधी यायची आणि सगळ्यांच्या नंतर जायची, इतर विद्यार्थ्यांची शिकवणी ऐकत बसायची. हेही तेवढंच खरं आहे आणि ते कुणी मला पत्रात लिहीत नाही. ऑपेराच्या रंगमंचावर ती शेवटची गायली जुलै 1965 मध्ये, लंडनच्या कोव्हेंट गार्डन ऑपेरा हाऊसची तोस्का. वय 41. तिच्या आवाजाला काय झालं यावर लोक अजून भांडतात, त्यात मी पडणार नाही. फक्त एवढंच की 1949 ची कॅलास डोळ्यांसमोर ठेवायची तर 1965 चीही ठेव.

मला विचारशील तर आणखी एक रात्र डोळ्यांसमोर आण. नोव्हेंबर 1952, कोव्हेंट गार्डन, ‘नोर्मा’. नोर्मा गात होती कॅलास. तिच्या दासीची, क्लोतिल्देची, छोटीशी भूमिका गात होती जोन सदरलंड, नुकतीच 26 वर्षांची झालेली, म्हणजे तुझ्याच वयाची. तोवर सदरलंड स्वतःला वाग्नरच्या वजनदार भूमिकांची गायिका समजत होती. कंडक्टर रिचर्ड बोनिंगनं, तिच्या नवऱ्यानं, तिला हलक्या, चपळ, वरच्या पट्टीच्या गाण्याकडे वळवलं. दोनिझेत्तीच्या ‘लुचिया’नं ती जगभर गाजली 1959 मध्ये. मधली सात वर्षं तिनं त्याच घरात मिळेल ते गायलं आणि दुसऱ्यांना विंगेतून ऐकलं. पुढे ती स्वतः नोर्मा झाली आणि 1990 पर्यंत गायली. आपला आवाज कुठल्या जातीचा आहे, हे तिलासुद्धा विशीत कळलं नव्हतं. तुला कळलंय असं तू पत्रात ठामपणे लिहिलंयस. मला अजून कळलेलं नाही, आणि मी तुला रोज ऐकत होते.

आता सुझानाबद्दल. ‘सोपी आहे’ असं तू दोनदा लिहिलंस, ते वाचून मला काळजी वाटली. सोप्रानोच्या लांबलचक भूमिकांमध्ये ती मोडते. पडदा वर जातो तेव्हा ती तिथे असते. दुसऱ्या अंकाचा शेवट सुमारे 20 मिनिटं अखंड चालतो, त्यात एकेक पात्र वाढत जातं आणि तुला प्रत्येकाशी बोलायचं असतं. आणि तिची खरी एकटीची जागा, ‘दे व्हिएनी’, येते चौथ्या अंकात, रात्र संपत आल्यावर. तिथे सूर खालच्या पट्टीत उतरतो, वाद्यं मोजकी असतात, लपायला जागा नसते. पहिल्या तीन अंकांत आवाज उधळलास तर त्या जागी काही उरत नाही. गळा कुठे खर्चायचा आणि कुठे राखायचा, हे सुझाना शिकवते. बटरफ्लाय ते शिकलेलीच बाई मागते. शिवाय इटालियन संवाद, तालावर हालचाल, सहा जणांच्या गाण्यात आपला सूर न सोडणं, सगळं तिथेच घासून निघतं. त्याच ऑपेरातली काउंटेस व्हायची वाट बहुतेकींची सुझानावरूनच गेलीय.

एक काम मात्र आतापासून कर. स्वरलिपीच्या पाचव्या रेषेच्या वर गेल्यावर तुझ्या शब्दांतली ‘ई’ अजून पिळवटते. तिथल्या ‘ला’ या सुराला, म्हणजे 880 हर्ट्झला, स्वरतंतू सेकंदाला 880 वेळा एकमेकांवर आपटतात. त्या उंचीवर ‘ई’साठी लागणारी तोंडातली पोकळी त्या सुराला साथच देत नाही, म्हणून सोप्रानो वर जाताना जबडा सोडते आणि ‘ई’ थोडी ‘ए’कडे, मग ‘आ’कडे कलते. ऐकणाऱ्याला शब्द थोडा पुसट होतो, पण सूर उजळतो. आरशासमोर उभी राहा, ओठाचे कोपरे ताणू नकोस, खालचा जबडा आपल्या वजनानं पडू दे. शब्द स्पष्ट राहावा म्हणून तू झगडतेस ते मला आवडतं. ती लढाई मधल्या पट्टीत लढ, तिथे जिंकता येते.

गळ्याचं एक. आवाज उत्तम असताना स्वरयंत्र बघणाऱ्या डॉक्टरांकडे जाऊन स्ट्रोबोस्कोपी, म्हणजे स्वरतंतूंची हालचाल दाखवणारी तपासणी, करून घे आणि ती चित्रफीत जपून ठेव. पुढे कधी बिघडलं तर ‘आधी कसं होतं’ हे बघायला काहीतरी हवं. प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अगदी बारीक, लहान मुलीच्या आवाजात, वरच्या पट्टीत एक सोपी ओळ गाऊन बघ. आधी हवा आली आणि सूर मागून आला, तर स्वरतंतू सुजलेत, त्या दिवशी गप्प बस. मोठ्यानं गाऊन ही सूज कळत नाही, जोर तिला झाकतो. प्रयोगाच्या तोंडावर कुणी स्टिरॉइड देऊ केलं तर आत रक्तस्राव नाही हे बघितल्याशिवाय घेऊ नकोस, कारण सूज उतरल्यावर बरं वाटतं आणि नेमकं तेव्हाच माणूस स्वतःला इजा करून घेतं. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, तेव्हा अंगदुखीला काय घ्यायचं ते डॉक्टरांना विचार. पाळीच्या आधीच्या दिवसांत स्वरतंतू जड होतात, हे लाजेनं लपवायची गोष्ट नाही. तालमीत तेव्हा अर्ध्या आवाजात गा आणि तसं कंडक्टरला आधी सांग.

अमेरिकन सोप्रानो लिओंटिन प्राइसचं तुला माहीत असावं. जानेवारी 1961 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात, म्हणजे मेटमध्ये, ‘इल त्रोव्हातोरे’नं पदार्पण, टाळ्या थांबता थांबेनात. त्याच वर्षी हंगामाच्या सुरुवातीला पुचिनीच्या ‘ला फान्चुल्ला देल वेस्ट’ची नायिका मिनी. दुसऱ्याच प्रयोगात तिचा आवाज गेला आणि शेवटचा अंक दुसऱ्या गायिकेनं पूर्ण केला. आजारपण म्हणा, भूमिकेचं वजन म्हणा. तिनं विश्रांती घेतली, परत आली आणि 1985 मध्ये ‘आइदा’ गाऊन मेटचा निरोप घेतला. थांबण्याचं तिनं अपयश मानलं नाही, म्हणून ती मला एवढी प्रिय.

पैशाचं तू विचारलं नाहीस, पण विचारायला हवं होतंस. महोत्सवाचं मानधन दर प्रयोगामागे आहे. आठवडेच्या आठवडे तालीम करायची आणि प्रयोगाच्या दिवशी ताप आला तर त्या रात्रीचे पैसे नाहीत. एजंटचे साधारण 10 टक्के, राहणं, प्रवास, सराव करून घेणाऱ्या पियानिस्टची फी, कर. आकडा मोठा दिसतो, हातात येतो तेव्हा आक्रसतो. 2020 मध्ये ऑपेरा हाऊस बंद झाली तेव्हा अशा करारांवर जगणाऱ्या कितीतरी मोठ्या गायिकांचं उत्पन्न रातोरात थांबलं. पगारी नोकरीत आजारपण सोसता येतं. त्या नोकरीचाही काच आहे: सकाळी एकीची तालीम, संध्याकाळी दुसरीचा प्रयोग, मध्ये मुलांसाठीचं काहीतरी. थकशील. पण रोज रंगमंचावर असशील आणि दोन वर्षांत जर्मन बोलायला लागशील.

दिसण्याबद्दल तुला त्या निवडीत जे ऐकवलं गेलं, त्याचा मला संताप आला. 2004 मध्ये कोव्हेंट गार्डननं सोप्रानो डेबोरा व्हॉइटला एका काळ्या ड्रेसवरून भूमिकेतून वगळलं होतं. चार वर्षांनी ती तिथेच ती भूमिका गायली. अंगात ताकद ठेव, दम ठेव, पायऱ्या चढून गाता येईल इतकी तयारी ठेव. उपाशी राहून गाऊ नकोस. श्वास पोटातून धरायचा असतो आणि भुकेलेलं पोट तो धरत नाही.

एकटेपणाचं काय सांगू. मोठ्या ऑपेरा हाऊसच्या तारखा दोन-तीन वर्षं आधी ठरतात, जवळच्यांची लग्नं आणि आजारपणं ठरवून येत नाहीत. काही चुकतील. ज्यांची चुकवायची नाहीत अशी दोन-तीन माणसं मनाशी ठरव आणि त्यांच्यासाठी करार मोडावा लागला तरी मोड.

आता उत्तराचं. महोत्सवाला आजच लिही, कारण उशिरा आलेला नकार त्यांना अडचणीत टाकतो. तब्येतीचं कारण देऊ नकोस, ‘तिचा गळा बिघडलाय’ ही कुजबुज लगेच पसरते. सरळ लिही की ही भूमिका मला करायची आहे, आणखी काही वर्षांनी करायची आहे, आणि येत्या हंगामांत ‘कार्मेन’मधली मिकाएला किंवा ‘तुरांदोत’मधली लिऊ हवी असेल तर आनंदानं येईन. जर्मन करारावर सही करण्याआधी आवाजाचा प्रकार त्यात लेखी आहे का ते बघ, नाहीतर दुसऱ्या वर्षी तुझ्या हातात भलतीच भूमिका येईल. लागोपाठच्या दोन रात्री मोठ्या भूमिका नकोत, हे लेखी माग. बाहेर गायला किती दिवस सोडतील तेही विचार. कराराची प्रत मला पाठव, मूळ जर्मनमधलीच, आणि आठवड्याअखेरीच्या आत पाठव म्हणजे सहीच्या तारखेआधी आपल्याला फोनवर बोलता येईल.

तुझी,
बाई