ठरलेल्या तारखेला कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर आपोआप आठवण कशी आणायची?

तुम्ही लिहिलंय की टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात कामाला आहात, मोबाईल बाहेर ठेवावा लागतो, नेट येऊन-जाऊन असतं आणि लॅपटॉपवर विंडोज १० आहे. टीडीएस-जीएसटीच्या तारखांआधी स्क्रीनवर आपोआप मेसेज यायला हवा. पण विंडोजच्या ‘टास्क शेड्युलर’मध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीत, मेसेज दाखवायचा पर्याय घेतला की एरर येते.

येणारच. तो पर्याय विंडोज ७ पर्यंत चालायचा, ८ पासून मायक्रोसॉफ्टने मोडीत काढला. नाव मात्र यादीत तसंच ठेवलंय, शेजारी कंसात ‘डेप्रिकेटेड’ (म्हणजे बाद) लिहून, त्यामुळे नवखा माणूस हमखास तिथेच अडकतो. काही जण एक कमांड सुचवतात, ती विंडोजच्या होम आवृत्तीत नसतेच. काही जण व्हीबीस्क्रिप्टच्या दोन ओळी लिहून देतात. ती भाषा निवृत्त करायचं मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्येच जाहीर केलंय, शिवाय फाइल योग्य एन्कोडिंगमध्ये सेव्ह केली नाही तर मराठीच्या जागी भलतीच अक्षरं उमटतात. आठवण करून देणारी फुकटातली सॉफ्टवेअर्स तर ऑफिसच्या मशीनवर मी घालूच देत नाही. आमच्या ऑफिसातल्या मशिनांची उसाभर माझ्याकडे आहे, म्हणून बोलतोय.

त्यापेक्षा मेसेज दाखवायचा नाद सोडा आणि फाइल उघडायला लावा. टास्क शेड्युलरला प्रोग्रॅमच द्यावा लागतो असं नाही. एखाद्या फाइलचा पत्ता दिला तरी ती ज्या प्रोग्रॅममध्ये उघडते त्यात तो उघडून देतो. नोटपॅडमध्ये मराठीत दोन ओळी लिहा, फाइल सेव्ह करा. झाला तुमचा पॉप-अप.

आता टास्क. स्टार्ट मेन्यूत टास्क शेड्युलर शोधून उघडा, उजवीकडे ‘क्रिएट बेसिक टास्क’ घ्या. नाव द्या, ‘मंथली’ निवडा, महिने आणि तारीख टिकमार्क करा, वेळ द्या. पुढे ‘स्टार्ट अ प्रोग्रॅम’. तिथे फाइलचा पत्ता हाताने टाइप करत बसू नका. फोल्डरमध्ये त्या फाइलवर शिफ्ट दाबून राइट-क्लिक करा, ‘कॉपी अ‍ॅज पाथ’ घ्या आणि चौकटीत पेस्ट करा. अवतरणचिन्हांसकट पेस्ट होतो, म्हणजे फोल्डरच्या नावात मोकळी जागा असली तरी अडत नाही. जीएसटीच्या तिमाही रिटर्नसाठी महिन्यांच्या यादीत फक्त जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर ठेवा.

इथवर बहुतेक जण पोचतात. घोळ होतो तो पुढे, कारण विंडोजने आधीपासून करून ठेवलेल्या निवडी ऑफिसच्या कामाच्या नाहीत. टास्कवर डबल-क्लिक करून त्या बघाच.

पहिली ‘कंडिशन्स’मध्ये आहे: लॅपटॉप चार्जिंगला असेल तरच टास्क चालवा. ही आपोआप टिक झालेली असते. म्हणजे नेमकी २० तारखेला लाइट गेली, लॅपटॉप बॅटरीवर आला, की आठवण गुल. ती टिक काढा.

दुसरी ‘सेटिंग्ज’मध्ये: वेळ हुकली तर जमेल तितक्या लवकर टास्क चालवा. ही मात्र रिकामी असते, तिथे टिक करायची. रविवारी मशीन बंद होतं तर सोमवारी आठवण यायला हवी ना? ती मशीन सुरू केल्या केल्या येत नाही, साधारण दहा मिनिटं जातात. तेवढा धीर धरा.

तिसरी सहजी लक्षात येत नाही. त्याच पानावर तळाशी विचारलेलं असतं की टास्क आधीच चालू असेल तर काय करायचं, आणि उत्तर म्हणून ‘नवीन सुरू करू नका’ निवडलेलं असतं. नोटपॅडची खिडकी उघडी आहे तोवर विंडोज १० च्या हिशेबी टास्क चालूच असतो. काल आलेली आठवण मिनिमाइझ करून ठेवलीत, तर रोजच्या टास्कची आजची येणारच नाही. तिथे जुनी बंद करून नवीन सुरू करायचा पर्याय घ्या. महिन्यातून एकदाच येणाऱ्या आठवणीला याने फारसा फरक पडत नाही, पण बँकेच्या एन्ट्र्यांसाठी रोज संध्याकाळची आठवण लावलीत तर पडतो.

‘जनरल’मध्ये ‘युजर लॉग-ऑन असेल तेव्हाच’ हेच राहू द्या. दुसरा पर्याय जास्त भक्कम वाटतो, पण त्यात फाइल पडद्याआड उघडते आणि तुम्हाला दिसतच नाही.

शेवटी टास्कवर राइट-क्लिक करून ‘रन’ करा. फाइल उघडली म्हणजे पत्ता बरोबर आहे, एवढंच कळतं. वेळेची खात्री हवी तर तात्पुरता दोन मिनिटांनंतरचा ट्रिगर (टास्क सुरू व्हायची वेळ) लावा आणि दुसरं काम करत बसा. कधी कधी खिडकी पुढे न येता खाली टास्कबारवरच लुकलुकत राहते. असं होत असेल तर त्याच वेळेचा आणखी एक वेगळा टास्क करून त्यात छोटी आवाजाची फाइल लावा. आमच्याकडे घंटेचा आवाज लावलाय, साहेब वैतागतात, पण रिटर्न वेळेत जातात.

तारखांबद्दल माझं मत विचारलं नाहीत, तरी सांगतो. आठवण शेवटच्या तारखेची लावू नका. टीडीएस भरायची ७, जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) ची ११, दरमहा भरणाऱ्यांच्या ३बी (कर भरायचं रिटर्न, जीएसटीआर-३बी) ची २०, आणि तिमाहीवाल्यांची महाराष्ट्रात २२, या तारखा तुम्हाला पाठच असतील. माणूस अडतो तो पक्षकाराने बिलं न पाठवल्यामुळे. २० तारखेला सकाळी खिडकी उघडून तुम्ही बिलं कुठून आणणार? ३बी उशिरा गेला की दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि कर बाकी असेल तर वर १८ टक्के दराने व्याज, आणि ते कोणी भरायचं यावरून पक्षकाराशी वाद. म्हणून पहिली आठवण १२ ला, दुसरी १७ ला. त्यातही १२ तारखेला नोटपॅड उघडण्याऐवजी बिलं न आलेल्या पक्षकारांची एक्सेल शीटच उघडू द्या, फोन नंबरांसकट. नुसतं ‘जीएसटी भरणे’ असं लिहिलेली खिडकी दोन महिन्यांत हाताच्या सवयीने बंद होते. यादी समोर आली की निदान एक-दोन फोन तरी लावले जातात.

या सगळ्या फाइली एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि त्या फोल्डरचं नाव बदलू नका. बदललंत तर टास्क मुकाट्याने फेल होतो, स्क्रीनवर काहीच येत नाही. सरकारने एखाद्या महिन्याची मुदत वाढवली तर महिन्याचा ट्रिगर तसाच ठेवून ‘वन टाइम’चा आणखी एक जोडा. एका टास्कला अनेक ट्रिगर चालतात.