सारखी लघवीची घाई होते, रिपोर्ट नॉर्मल आहेत. आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागतील का?

बहुतेकांना नाही लागत. मी फिजिओथेरपिस्ट आहे, याच त्रासाच्या पेशंटना व्यायाम शिकवते. तुम्ही लिहिलंय की तासाभरात दोनदा जावं लागतं, लघवीची आणि साखरेची तपासणी चांगली आली आहे, आणि त्रास नको म्हणून पाणी कमी केलंय. आधी पाणी पूर्ववत करा. कमी पाण्याने लघवी गडद होते, ती मूत्राशयाला चिडवते आणि घाई वाढते. शिवाय बद्धकोष्ठता होते, तिचाही दाब तिथेच येतो. कमी करायचंच असेल तर चहा, कॉफी आणि कोला करा.

मूत्राशयात साधारण 300 ते 500 मिलीलिटर लघवी मावते. ते भरत असताना त्याचा स्नायू सैल राहायला हवा. ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडरमध्ये, म्हणजे मूत्राशय गरजेपेक्षा जास्त चाळवलं जाण्याच्या या त्रासात, तो थोड्याशा लघवीवरच आकसतो. त्यात ‘बाहेर पडायच्या आधी जाऊन येऊ’ हे रोजचं झालं, की मूत्राशयाला अर्धवट भरल्यावरच रिकामं होण्याची सवय लागते.

तीन दिवस डायरी ठेवा: किती वाजता गेलात, मापाच्या भांड्यात किती लघवी झाली, काय प्यालात. दर वेळी शंभर-दीडशे मिलीलिटरच होत असेल तर मी म्हणते ते लागू पडतं. दर वेळी भरपूर होत असेल तर कारण वेगळं शोधावं लागेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घराच्या दाराला किल्ली लावताना जी जोराची घाई होते, तेव्हा धावू नका. घाई लाटेसारखी चढते आणि ओसरतेही. जागीच थांबा, जमलं तर बसा. वायू रोखताना आवळतो तो भाग पाच-सहा वेळा झटपट आवळा आणि सोडा, श्वास न रोखता. त्या आवळण्याने मूत्राशयाच्या स्नायूला शांत होण्याचा संदेश जातो. घाई उतरली की मग सावकाश चालत जा. सुरुवातीला फसेल, कपडे ओले होतील, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पॅड लावा आणि चालू ठेवा.

जमायला लागलं की दोन खेपांमधलं अंतर दर आठवड्याला दहा-पंधरा मिनिटांनी वाढवत तीन तासांपर्यंत न्या. किमान सहा आठवडे द्या, त्याआधी निकाल लावू नका.

तरीही भागलं नाही तर गोळ्या आहेतच. सोलिफेनासिन, टोल्टेरोडिन यांनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते; वयस्कर माणसांत विसरभोळेपणाची काळजी घ्यावी लागते आणि काचबिंदू असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं. मिराबेग्रॉनचा हा त्रास कमी, पण रक्तदाब तपासत राहावा लागतो. त्याही पुढे मूत्राशयात बोटॉक्सचं इंजेक्शन किंवा घोट्याजवळच्या नसेला सौम्य विद्युत उत्तेजन देतात. पुरुषांनी प्रोस्टेट तपासून घ्यावं.

लघवीत रक्त दिसलं, ताप किंवा जळजळ आली, लघवी अडली, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा पायातली ताकद गेली, तर मात्र व्यायामाची वाट पाहू नका. शेवटच्या तिन्हींत त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये जा.