ओहळ बुजवला तो दिवस मोजा

प्रश्न : त्र्यंबकेश्वर तालुक्यात अंजनेरीच्या उताराखाली आमची भातखाचरं आहेत. वरच्या गटाच्या मालकाने गेल्या दिवाळीनंतर दहा एकरांवरची ऐन, साग, जांभळाची झाडं तोडली. एप्रिलअखेरीस जेसीबी लावून सपाटीकरण केलं आणि मधला ओहळ मुरमाने बुजवला. जुलैत पाणी खाचरांत घुसलं, दोन बांध फुटले. पंचनाम्यात कारण ‘अतिवृष्टी’ लिहिलंय, त्यावर मी सही केली. जंगलतोडीने पाणी वाढलं म्हणून भरपाई मागायची आहे. यंदाच्या दिवाळीनंतर केस लावली तर चालेल ना?

उत्तर : ओहळ मोकळा करून घ्यायचा असेल तर चालणार नाही. अशी पत्रं दर पावसाळ्यानंतर येतात आणि बहुतेकांत तारखेचीच चूक असते.

तुमच्या हातातला सर्वात स्वस्त आणि त्यातल्या त्यात झटपट मार्ग म्हणजे मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांसमोर वाद. शेतजमिनीवरच्या पाण्याच्या नैसर्गिक प्रवाहाला कुणी बेकायदा अडथळा केला, तर तो काढायला लावण्याचा अधिकार त्यांना आहे. मुदत सहा महिने, आणि ती बांध फुटल्यापासून नव्हे, अडथळा पहिल्यांदा उभा राहिला तिथपासून मोजतात. एप्रिलअखेर ओहळ बुजला, म्हणजे ऑक्टोबरअखेर दार बंद. जुलैपासून महिने मोजत बसलात तर हातचं जाईल. अर्जात कारण घडल्याची तारीख स्पष्ट लिहा. सोबत सातबारा, ओहळ दाखवणारा गावनकाशा आणि भूमी अभिलेखचा मोजणी नकाशा जोडा. भरपाई तिथे मिळत नाही. ओहळ मोकळा होतो, आणि पुढच्या जूनआधी तुम्हाला तोच हवा आहे.

आता झाडांचं. भरपाईचा दिवाणी दावा झाडांवर उभा करू नका. जंगलाने फरक पडतो, यात वाद नाही. पालापाचोळा थेंबाचा मार झेलतो, मुळांच्या वाटांनी पाणी मुरतं. मृदसंधारणाच्या कोष्टकांत डोंगरउतारावरच्या मध्यम जमिनीचा अपधाव गुणांक (पडलेल्या पावसातला वाहून जाणारा वाटा) झाडी असताना ०.५०, नांगरलेली असताना ०.७२ धरतात. दहा एकर म्हणजे सुमारे ४ हेक्टर. ताशी ४५ मिलिमीटर पावसात आधी सेकंदाला २५० लिटर आले असते, आता ३६० येतील. पण तीन-चार दिवस झड लागली की बेसाल्टवरची पातळ माती भरून जाते आणि मग झाडी असो वा उघडं रान, पाणी जवळजवळ सारखंच धावतं. समोरचा इंजिनिअर हेच सांगेल आणि तुमच्या सहीचा ‘अतिवृष्टी’वाला पंचनामा पुढे ठेवेल. मदतीच्या घाईत न वाचता सही केलीत, त्याची ही किंमत. तलाठ्याकडे लेखी हरकत आजच द्या आणि पोच घ्या. जूनच्या पहिल्या मध्यम सरींतही पाणी आत आलं असेल, तर ते फोटो शोधा आणि त्या दिवसाची महसूल मंडळातली पावसाची नोंद मिळवा. झाडी गेल्याचा फरक त्याच सरींत जास्त दिसतो.

विरोधक भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ चं कलम ७ काढेल : वरच्या जमिनीचं पाणी खालच्याने घ्यायचंच. खरं आहे, पण नैसर्गिकपणे वाहणारं. ओहळ बुजवून एका कोपऱ्यात लोटलेलं पाणी त्यात बसत नाही, म्हणून दाव्याचा कणा ओहळ ठेवा. दिवाणी दाव्याची मुदत साधारणपणे तीन वर्षं आहे. निकालाला किती लागतील ते विचारू नका.

झाडं विनापरवानगी तोडली असतील तर १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाखाली वन विभागाकडे तक्रार करा. त्याने दंड होईल, बांध येणार नाही. पर्यावरणाचे वाद ऐकणारा राष्ट्रीय हरित लवाद ज्या कायद्यांखालची प्रकरणं घेतो, त्या अनुसूचीत तो कायदा नाही. त्यामुळे रान ‘वन’ या व्याख्येत बसलं तरच लवादाच्या पुणे खंडपीठाचा विचार करता येईल, आणि कागद पाहिल्याशिवाय ते सांगता येत नाही.

फोटो व्हॉट्सअॅपवरून पाठवून मूळ फाइल पुसू नका. असा डिजिटल पुरावा कोर्टात द्यायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. ज्या फोनने काढले तो फोन सांभाळा. ओहळ कधी बुजला हे दाखवायला तारखेसह उपग्रहचित्रं आणि शेजारच्या दोघांची प्रतिज्ञापत्रं घ्या. फुटलेल्या बांधांची लांबी, रुंदी, खोली टेपने मोजून, पंचांच्या सह्या घेऊन मगच माती भरा.