‘मला पाणी खायचंय’

माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका आईने मुलाच्या शाळेची सूचना फोनवर उघडून माझ्यासमोर धरली. ‘ऑटम फेस्ट आणि विविधतेत एकता दिन. मुलांनी आपापल्या राज्याच्या पोशाखात यावं व आपल्या राज्याविषयी दोन ओळी म्हणाव्यात.’ चारही कोपऱ्यांत मेपलची तांबडी-पिवळी पानं. पुण्यात भाद्रपद संपत आला होता. माझ्या अंगणात प्राजक्ताचा सडा अजून ओला होता आणि गळायला तयार असं एकही पान आसपास नव्हतं. आपली पानगळ शिशिरात. पळस, सावर उघडेबोडके होतात ते फेब्रुवारीत. पण आपल्या शाळांतून ऑक्टोबरच्या उन्हात घामाघूम झालेली मुलं तपकिरी कागदाची पानं कापत बसतात, हे मी गेली कित्येक वर्षं बघते आहे.

“कुठल्या राज्याचा पोशाख घालू, मॅडम?” आईने विचारलं. ती सांगलीची. नवरा हावड्याचा. नोकरीच्या निमित्ताने दोघं पुण्यात भेटले आणि इथेच राहिले. मुलगा चार वर्षांचा, ज्युनिअर केजीत. त्याला आपण अबीर म्हणू (नाव आणि काही तपशील बदलले आहेत). आडनाव बंगाली, म्हणून शाळेने त्याला परस्पर पश्चिम बंगाल देऊन टाकला होता. सांगलीच्या आजीने तोवर नातवासाठी फेटा घेऊन ठेवला होता.

पोशाखाच्या प्रश्नासाठी समुपदेशकाकडे कुणी येत नाही. दोन आठवड्यांपासून अबीर पुन्हा गादी ओली करत होता. कार्यक्रमाच्या सरावाला टेबलाखाली जाऊन बसायचा. आणि बाईंनी डायरीत लिहिलं होतं : ‘भाषेत गोंधळ आहे. घरी एकच भाषा बोलावी.’ हे सगळं सांगून झाल्यावर आई थांबली आणि मग तिने तो प्रश्न विचारला, जो दर सणासुदीला निदान चार-पाच घरांतून माझ्याकडे येतो : “दोन घरांच्या दोन तऱ्हा. माझं मूल ना इथलं, ना तिथलं असं तर नाही ना होणार?”

सर्वांत आधी मी त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. कोरडं राहू लागलेलं मूल पुन्हा गादी ओली करू लागलं की लघवीतला संसर्ग आणि बद्धकोष्ठता या दोन गोष्टी आधी बघून घ्याव्यात, मनाचं नंतर. तपासणीत काही निघालं नाही.

पुढच्या भेटीला तिघं आले. मी पितळी वाटीत प्राजक्ताची फुलं ठेवली होती. अबीरने एक उचललं, वडिलांकडे धरलं आणि म्हणाला, “बाबा, शिउली.” मग वळून आईला दाखवलं, “आई, प्राजक्त.” मग माझ्याकडे बघितलं. ही बाई कुठली, याचा जरा विचार केला आणि मला म्हणाला, “फूल.”

मी वहीत तेवढंच लिहिलं. ज्याला कुणाशी काय बोलायचं हे इतकं बिनचूक कळतं, त्याच्या भाषेत गोंधळ आहे असं मी तरी म्हणणार नाही.

खेळता खेळता त्याला तहान लागली. “मला पाणी खायचंय.” आई तत्काळ म्हणाली, “प्यायचंय!” त्याचा हात मातीच्या गोळ्यावर थांबला. बाबा मात्र हसायला लागले. “मॅडम, आमच्यात पाणी खातातच. चहा खातात, सिगारेटपण खातात. माझी मुलगा बरोबर बोलली.” (बंगालीत व्याकरणातलं लिंग नसतं, त्यामुळे बाबांच्या मराठीत मुलगा कधी मुलगी होतो, आणि त्यांना कुणी ‘भाषेत गोंधळ’ असा शेरा देत नाही.) बाईंनी डायरीत पुरावा म्हणून जी वाक्यं लिहिली होती, त्यात पहिलं हेच होतं. दोन भाषांत वाढणारी मुलं काही काळ त्या मिसळतात. एकीचा नियम दुसरीला लावतात. तो नियम त्यांना पक्का कळलेला असतो म्हणूनच लावता येतो. काळजी कधी करायची, तर मूल कुठल्याच भाषेत वाक्य जोडत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, सांगितलेलं त्याला समजत नसेल तेव्हा. अबीर दोन्ही भाषांत भांडत होता. भांडण छान करत होता.

मग गादी कशामुळे?

इथे माझी चूक सांगते. मला वाटलं, दोन्ही बाजू समान दिसल्या की मुलाला बरं वाटेल. मी सांगितलं, सण वाटून घ्या. दोघंही कॉम्प्युटरवाले. त्यांनी तक्ता केला. सोम-बुध-शुक्र मराठी गोष्ट, मंगळ-गुरू बंगाली. घट आईचे, पंडाल बाबांचा. आठवड्याने आई म्हणाली, “तो रोज सकाळी विचारतो, आज माझा कुठला दिवस आहे?” मी कपाळावर हात मारला. शाळेने त्याला एका खोक्यात बसवलं होतं, मी दोन खोकी दिली.

खरं कारण कळलं ते मातीतून. त्या दिवशी त्याने मातीची दोन ताटं केली होती, एक या टोकाला, एक त्या. मग मान वर न करता विचारलं, “देवी मटण खाते?” आई “नाही” म्हणाली आणि बाबा “हो” म्हणाले, एकाच क्षणी. आणि दोघांनी एकमेकांकडे जे पाहिलं, ते मीही पाहिलं आणि अबीरनेही.

हळूहळू मागच्या वर्षीचा आश्विन बाहेर आला. आईकडे नवरात्रात घट. नऊ दिवस कांदा-लसूणही नाही. त्याच दिवसांत अबीरची ठाकुमा, म्हणजे बाबांची आई, हावड्याहून आलेली. त्यांच्याकडे दुर्गापूजेच्या नवमीला मटण म्हणजे माहेरवाशीण मुलगी घरी आल्याचा आनंद. ते रांधलं गेलं गॅलरीत, वेगळ्या शेगडीवर, आणि दिवसभर घरात दोन्हीकडून एकच वाक्य फिरत राहिलं : “आपल्याकडे असं नसतं.” चार वर्षांच्या मुलाला ‘आपल्याकडे’ म्हणजे काय वाटत असेल? आई म्हणते तेव्हा त्यात ठाकुमा नाही. ठाकुमा म्हणते तेव्हा त्यात आई नाही. त्यावर व्हिडिओ कॉलवर सगळ्या मावश्या आणि पिशी, म्हणजे आत्या, गमतीने विचारणार, “सांग रे, कोण जास्त आवडतं?” आणि आता शाळा म्हणत होती, स्टेजवर उभा राहून सांग, तू कुठला.

मी त्याला म्हटलं, “सांगलीच्या आजीची देवी उपास करते. ठाकुमाची देवी माहेरी येते, म्हणून तिला मटण.”

त्याने थोडा विचार केला. “मग तिला भूक लागली नाही तर?”

“तर ती प्राजक्त बघत बसेल.”

हे त्याला पटलं. मुलांना दोन खऱ्या गोष्टी एका वेळी चालतात. एकीला खरं म्हटल्यावर दुसरीला खोटं ठरवण्याची घाई आपल्याला असते. आईबाबांना मी दोनच कामं दिली. तक्ता फाडायचा. आणि ‘आपल्याकडे’ हा शब्द जपून वापरायचा : आजीकडे असं, ठाकुमाकडे तसं, आणि आपल्याकडे दोन्ही. ‘कोण जास्त आवडतं’ विचारणाऱ्या नातेवाइकांना मोठ्यांनीच अडवायचं, हेही सांगितलं. ते सर्वांत अवघड गेलं, असं बाबा म्हणाले.

मग मी शाळेत गेले. मुख्याध्यापिकाबाई मुळीच वाईट नव्हत्या. वर्गात 28 मुलं, दोन बाई, आणि पालकांना फोटो हवे असतात. त्या खरंच बोलल्या, “पोशाख नाही केले तर पालक म्हणतात, शाळेत काही होत नाही.” त्यांच्या खुर्चीमागे बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे फोटो होते. मी तिकडे बोट केलं. ताराबाईंनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि 1957 मध्ये कोसबाडच्या टेकडीवर नेलं. तिथे महागड्या साधनांऐवजी शिंपले, खडे, पानं, बिया हीच शिकण्याची साधनं झाली, कारण वारली मुलांच्या हाताशी तीच होती. मी म्हटलं, “या दोघींना मेपलचं पान दाखवलं असतं तर?” बाई हसल्या. अमेरिकेत बालशिक्षणाचं काम करणाऱ्या लुईस डर्मन-स्पार्क्स यांनी 1989 मध्येच अशा कार्यक्रमांना पर्यटकी अभ्यासक्रम म्हटलं होतं : दुसऱ्याच्या घरी जायचं, पोशाख बघायचा, खाऊ चाखायचा, फोटो काढून परत यायचं. आपण तर पुढे गेलो आहोत. आपल्याच वर्गातल्या मुलाला आपण त्याच्याच घराचा पर्यटक करतो.

मी फार काही मागितलं नाही. राज्याच्या दोन ओळी काढून टाका. ज्याला जे नेसायचं ते नेसू दे. आणि त्या आठवड्यात रोज अर्धा तास एक रिंगण करा. रिंगण का? कारण या ऋतूत आपल्याकडे सगळेच कशाभोवती तरी फिरत असतात. सूर्य हस्त नक्षत्रात गेला की भोंडल्याच्या पाटावर हत्ती काढून मुली त्याच्याभोवती फेर धरतात. गुजराती घरी गरबा दिव्याभोवती. तेलंगणातल्या बायका फुलांचे थर रचून बतुकम्मा करतात आणि तिच्याभोवती टाळ्या वाजवत गातात. चार वर्षांच्या मुलाला ‘विविधता’ समजावून सांगता येत नाही. पण काल मधे हत्ती होता आणि आज फुलं आहेत, हे त्याला पायांनी कळतं.

बाईंनी ते मनावर घेतलं. एका मुलीची तेलुगू आजी फुलं रचायला आली. तिच्या परडीतलं ‘गुनुगु’ म्हणजे आपलं कुरडू आणि ‘तंगेडू’ म्हणजे तरवड, हे शाळेच्या मावशींनी ओळखलं. “ही तर आमच्या बांधावरची!” म्हणून त्याही रिंगणात शिरल्या. वसईकडच्या एका घरातून भाताच्या लोंब्या आल्या. त्यांच्याकडे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो, नवं भात चर्चमध्ये नेतात. एका मुस्लीम कुटुंबाने आधीच कळवलं होतं की मुलगी पूजेत बसणार नाही. बाईंनी पूजा ठेवलीच नव्हती. मधे मूर्ती नाही, आरती नाही. मग त्या मुलीचे नाना सासवडकडच्या आपल्या बागेतली सीताफळं घेऊन आले आणि वर्गाने बिया मोजल्या. बिया मोजायला दोन दिवस लागले, कारण वीसच्या पुढे कुणालाच येत नव्हतं. पोशाखाचा दिवसही झाला, फोटोही निघाले. अबीर धोतरावर फेटा बांधून आला. दोन्ही आज्यांना तो फोटो आवडला नाही.

गादी एकदम नाही, पण दसऱ्यापर्यंत बहुतेक कोरडी राहू लागली.

खरी परीक्षा कोजागिरीची होती. आईला सोसायटीच्या गच्चीवर मसाला दुधाला जायचं असायचं, आणि बंगाली घरी त्याच रात्री लक्ष्मीपूजा. दर वर्षी यावरून धुसफूस. मी विचारलं, “दोन्हीकडे ही एकच पौर्णिमा आणि ‘को जागर्ति’, कोण जागं आहे, असं विचारणारी लक्ष्मीही एकच. मग नेमकं अडतं कुठे?” बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आई म्हणाली, “वेळेत.” साडेसातला पूजा, साडेनऊला गच्ची, इतकं सोपं निघालं ते. यंदाही आलेल्या ठाकुमांनी तांदूळ भिजवून वाटले आणि त्या पिठीत बोट बुडवून उंबरठ्यापासून लक्ष्मीची पावलं काढली. अबीरने उरलेल्या पिठीने त्यांच्यामागून हत्तीची पावलं काढली. ठाकुमांनी ती पुसली नाहीत, हे आईने मला फोनवर दोनदा सांगितलं. जागरण मात्र त्याला जमलं नाही. नऊला तो झोपला आणि दूध बाबांनी प्यायलं. की खाल्लं.

शाळेने भोंडला ठेवला दुसऱ्या दिवशी. शास्त्रात बसतं का ते विचारू नका, हॉल त्याच दिवशी मोकळा होता. खिरापतीची पाळी अबीरची होती. झाकलेला डबा पोटाशी धरून तो पाटावरच्या हत्तीशेजारी उभा राहिला. सरावाच्या वेळी टेबलाखाली बसणारा हाच मुलगा. भोंडल्यात डबा ज्याच्या हातात त्याला उत्तर माहीत असतं आणि बाकी सगळ्यांना नसतं. चार वर्षांच्या माणसाला याहून मोठा मान कुठे मिळतो?

लाडू? नाही. मोदक? नाही. बर्फी, चिवडा, केळं, चॉकलेट? नाही, नाही, नाही. बाईंनीही हात टेकले. मग त्याने झाकण उघडलं. आत आदल्या रात्रीच्या पूजेतले ठाकुमांनी केलेले खोबऱ्या-गुळाचे गोळे होते.

“लाडूच तर आहे!” मुलं ओरडली.

“नाही,” अबीर म्हणाला. “नाडू.”

क्षणभर शांतता. मग मागून कुणीतरी, “नाडी? चड्डीची?” आणि वर्ग हसून लोळायला लागला. बाई घाबरल्या, आता हा परत टेबलाखाली जाणार. पण सर्वांत जास्त अबीरच हसत होता. त्याने एक नाडू उचलला, स्वतःच्या पँटच्या कमरेला लावून दाखवला आणि मग खाल्ला.

त्या संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर एका आईने विचारलं होतं : “आज शाळेत मुलांना नेमकं काय खायला दिलं? आमची म्हणते आहे, दोन नाड्या खाल्ल्या आणि अजून हव्यात.”