लॅपटॉपवर व्हीपीएन चालतो, मग टीव्हीवर ‘हा व्हिडिओ तुमच्या देशात उपलब्ध नाही’ असं का येतं?

लॅपटॉपवर व्हिडिओ लागतो आणि टीव्हीवर कास्ट केला की अडतो, असं तुम्ही म्हणताय. कारण साधं आहे. कास्ट करताना लॅपटॉप टीव्हीला फक्त ‘हे लाव’ एवढा निरोप देतो. व्हिडिओ टीव्ही स्वतः राउटरमार्फत थेट इंटरनेटवरून ओढतो. लॅपटॉपवरचा व्हीपीएन, म्हणजे तुमचं इंटरनेट दुसऱ्या देशातल्या सर्व्हरमार्फत फिरवून तुम्ही तिथे आहात असं दाखवणारी सेवा, त्या वाटेत येतच नाही.

आधी लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडून बघा. कधीमधीच बघणार असाल तर याच्या पुढे जायची गरजच नाही.

रोजचं असेल आणि टीव्ही अँड्रॉइडचा असेल, तर त्यातच व्हीपीएनचं ॲप टाका. ते जमत नसेल तर दुसरा राउटर लावा. घेण्याआधी त्यात वायरगार्ड (व्हीपीएन जोडण्याची एक वेगवान पद्धत) ‘क्लायंट’, म्हणजे राउटरला बाहेरच्या व्हीपीएनशी जोडणारी सोय, आहे ना, हे नीट बघा. बऱ्याच राउटरच्या खोक्यावर व्हीपीएन लिहिलेलं असतं, पण आत नुसता सर्व्हर (बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये येण्याची सोय) असतो, त्याचा इथे उपयोग नाही. जुन्या राउटरच्या लॅन (घरातली उपकरणं जोडायच्या) पोर्टमधून केबल नव्याच्या वॅन (इंटरनेट आत घ्यायच्या) पोर्टमध्ये घाला. जुन्याचा नेटवर्कमधला पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर नव्याला १९२.१६८.२.१ द्या, दोन्ही एकाच पट्ट्यात राहिले तर गोंधळ होतो. मग व्हीपीएन सेवेकडून हव्या त्या देशाची कॉन्फिगरेशन फाइल उतरवून राउटरमध्ये चढवा आणि फक्त टीव्ही त्याच्या वायफायवर घ्या. ओपनव्हीपीएन ही जुनी पद्धत टाळा. साध्या राउटरचा प्रोसेसर त्यात दमतो, आणि ४के व्हिडिओला १५ ते २५ एमबीपीएस वेग सलग लागतो.

एवढं करूनही तीच पाटी आली, तर नव्या राउटरवर आयपीव्ही ६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) बंद करा. अनेक व्हीपीएन फक्त आयपीव्ही ४ (जुन्या पद्धतीच्या पत्त्यांची) वाहतूक आपल्या बोगद्यातून, म्हणजे सुरक्षित वाटेतून, नेतात. टीव्हीला आयपीव्ही ६ चा पत्ता मिळाला की तो बाहेरून जातो आणि खरा देश उघडा पडतो. नंतर टीव्ही वीज काढून पुन्हा चालू करा, कारण ॲप जुना देश धरून ठेवतं.

पाटीवरचे शब्द मात्र नीट वाचा. ‘व्हीपीएन किंवा प्रॉक्सी आढळला’ असं असेल तर तुमच्या जोडणीत काही चुकलेलं नाही. व्हीपीएनचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) घरातला नसून डेटा सेंटरचा म्हणून ओळखला गेलाय. त्याच देशातला दुसरा सर्व्हर घ्या. फुकटच्या व्हीपीएनमध्ये हे सतत होतं, कारण एकाच आयपीवर खूप लोक असतात. व्हिडिओ सुरू होऊन नुसताच फिरत राहिला, तर राउटरमध्ये एमटीयू (एका वेळी पाठवायच्या डेटाच्या तुकड्याचा कमाल आकार) १४२० वरून १३८० करून बघा.

काही सेवा आयपी बघतच नाहीत, खातं कोणत्या देशात उघडलंय आणि पैसे कुठल्या कार्डाने भरलेत ते बघतात. तिथे व्हीपीएनचा काही इलाज नाही. शिवाय बहुतेक सेवांच्या अटींत असा वापर मना आहे आणि काही देशांत व्हीपीएनवरच बंधनं आहेत, तेव्हा राउटरवर खर्च करण्याआधी या दोन्ही गोष्टी तपासा.